घंगाळ घासून ठेवलंय

वडीगोद्री
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

पुष्पाबाई, विहीणबाई,

काल तुमचा धाकटा जावई आला. कल्याणराव. एक पाय गाडीत, एक पाय खाली, फोन कानाला. मागून तुमची सुरेखा, डोळ्याला काळा चष्मा. आमच्या शेळ्या दिसल्या बराबर नाकाला ओढणी. मी म्हटलं, या, उपास असंल, भगर टाकते. तर म्हणे, "न्हाई मावशी, जांबला दर्शनाला चाललो. जाता जाता साडूभाऊंना बघून जावं म्हटलं."

जाता जाता! जांब कुठं, वडीगोद्री कुठं. मेंढरामागं अर्धा जिल्हा पायी हिंडलेली बाई मी, मला रस्ते शिकवता? तुम्ही पाठवलं होतं बघायला. आणि बघून पण कसे राह्यले होते, बाजारात लंगडं जनावर बघावं तसं. सुरेखा त्याच्याशी बहिऱ्याशी बोलल्यासारखी वरडून बोलती. "दाजी! ओळखलं का मला!" माझा रामप्रसाद म्हणाला, "ओळखलं. चष्म्यामुळं जरा येळ लागला." मी तोंडाला पदर लावून हसले. लावला म्हणजे नुसता लावला, हसू दिसलंच असंल.

मंग तुमच्या जावयानं खिशातून शिगरेटचं पाकीट काढलं. "घ्या साडूभाऊ. बिडी काय ओढता, ही ओढा शहरातली." आणि तुमची लेक हसली. रामप्रसादाचा हात पुढं गेला, मी खोटं लिहिणार न्हाई. पाकीट घेतलं, त्यातली एक काढली, कानावर ठेवली, आणि पाकीट परत दिलं. म्हणाला, "आजची एवढीच राह्यली."

त्यांना काही कळलं न्हाई. पाकीट खिशात घालून गेले जांबला. तुम्हाला तरी कळावं म्हणून लिहिते. फोन लावला तर तुम्ही उचलत न्हाई, उचलला तर आवाज ऐकून ठेवता. कागद मधीच ठेवता येत न्हाई. माझं शिक्षण तिसरीचं, अक्षर शेळीच्या पायासारखं चारी बाजूंना पडतं. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा तुम्हाला जो कोणी वाचून दाखवत असंल त्यानं मोठ्यानं आणि सावकाश वाचावं. काही गाळू नये.

तर ऐका. आता अंबडच्या दवाखान्यात दर महिन्याला डोक्याच्या आजाराची डॉक्टरीण येऊन राह्यली. पोरगीच आहे, दंडावर माझ्या मनगटाएवढं पण मांस न्हाई. पण डोळा घारीचा. रामप्रसादाच्या बोटांकडं बघितलं, पिवळी पडलेली, आणि त्याला विचारलं, "किती ओढता?" मला न्हाई, त्याला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर हातानंच थांबवलं. तो म्हणाला, "दोन कट्टे. कधी तीन." ती म्हणाली, "सोडायची इच्छा होते का कधी?"

विहीणबाई, तेरा वर्षाचा आजार त्याचा. किती दवाखाने झाले, किती देवऋषी झाले. हा प्रश्न कोणी विचारला न्हाई. सगळे म्हणत, राहू द्या बिचाऱ्याला, तेवढंच सुख. बिडी तोडली तर भडकंल. मी पण तेच म्हणत होते. आणि हा गप बसणारा माणूस काय म्हणाला? "व्हय. पोरगी वासानं पळायची."

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, या आजाराची माणसं लवकर जातात ती आजारानं नाही, बऱ्याचदा छातीनं आणि हृदयानं जातात. त्यांनाही फुप्फुसं तुमच्याआमच्यासारखीच असतात." आधी रोजच्या मोजून कमी करायच्या, मंग एक दिवस ठरवून बंद. तो दिवस तिनं ठरवलाय वैशाखात. सोबत चघळायच्या गोळ्या.

आता माझं ऐका. मागच्या धोंड्याच्या महिन्यात तुम्ही दोन्ही जावयांना शहरात, तुमच्या घरी मस्तगडला बोलावलं होतं. कल्याणरावांना पाट, पाटाभोवती रांगोळी, पितळेच्या घंगाळात पाय धुतले, तुपात न्हालेले धोंडे, तेहतीस अनारसे, वर कापडं. आणि माझ्या लेकाला बोळात बसवलं, वास येतो म्हणून. त्याच्या ताटात धोंड्याशेजारी काय ठेवलं? बिडीचा कट्टा. वाण म्हणून! "याला हेच लागतं," म्हणालात, आणि पंगत हसली. मी म्हटलं, जावई हाय तो, पाय धुवा. तर चार बायकांसमोर कंबरेवर हात ठेवून तुम्ही बोललात, "ज्या दिवशी हा बिडी सोडंल, त्या दिवशी मी स्वतः याचे पाय धुईन आणि ते पाणी डोळ्याला लावीन."

पुढं दिवाळीत एवढंसं भोक पडलं आमच्या गोधडीला, तर तेवढ्यावरून तुम्ही माझ्या सुनेला, वंदनाला, आणि माझ्या नातीला उचलून नेलं.

यंदा जेठ अधिक आहे. धोंड्याचा महिना पुन्हा येतोय. तुमचं घंगाळ तयार ठेवा.

साखराबाई


वडीगोद्री
धुळवड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी

विहीणबाई,

तुमचं उत्तर आलं न्हाई, म्हणजे पत्र पोचलं.

चघळायच्या गोळ्यांची गंमत सांगते. पहिल्या दिवशी त्यानं ती भुईमुगाच्या दाण्यासारखी कराकरा चावली आणि उचकी लागली ती थांबंना. अख्ख्या गल्लीला वाटलं कोणीतरी लई आठवण काढून राह्यलं. (तुम्ही न्हाई, मला माहीत आहे. पण तुमच्या घरात अजून दोघी जणी हाईत.) डॉक्टरीण म्हणाली, दोनदा चावायची, मंग गालात ठेवून द्यायची, मंग पुन्हा दोनदा. शेळी रवंथ करती तसं. आता बराबर जमतं. अंगणात तो आणि शेळी समोरासमोर बसतात आणि दोघांचे गाल हलतात.

पण गोळी तोंडाला झाली. हाताचं काय? बिडीवाल्याचा हात मोकळा राहिला की खिसे चाचपतो. तेव्हा मी माळ्यावरून माझ्या सासऱ्याची टकळी काढली. आमच्यात बापे मेंढरामागं चालता चालता लोकर कातायचे, तुम्हाला शहरात काय माहीत. आमची मेंढरं तर आमचे मालक धुळाजी गेले त्यांच्या मागंच विकली, पण भावकीत अजून हाईत. कातरणीला गेले आणि पोतंभर काळी लोकर आणली. रामप्रसादाला लहानपणी आज्यानं शिकवलं होतं. हाताला आठवलं, विहीणबाई! डोकं विसरतं, हात न्हाई विसरत. तलफ आली की टकळी फिरवतो. डॉक्टरीण म्हणाली होती तलफ लाटेसारखी असती, येती आणि जाती, तेवढा येळ काढायचा. लाट मी बघितली न्हाई, पण टकळी फिरताना त्याचा जबडा आवळलेला असतो आणि मंग सावकाश सुटतो, ते बघितलं.

दिवसाला दोन कट्ट्यांवरून अर्ध्या कट्ट्यावर आला.

हायवेवरचा टपरीवाला राजानंद लई दुःखात आहे. इतकी वर्षं माझ्या पोराकडून पाण्याचे ड्रम भरून घेतले, झाडझूड करून घेतली, आणि मजुरी काय तर बिड्या. आता रामप्रसाद जात न्हाई, तर स्वतःच्या पोटासकट हापशावर लोंबकळतो. परवा दारात येऊन म्हणाला, "काकू, येड्याची बिडी तोडू नये. पाप लागतं." मी म्हटलं, "तुझे ड्रम भरले का रे?"

आणि तुमचा आहेर, तो कट्टा. मी तो जपून ठेवला होता, कणगीमागं, फडक्यात बांधून. वाण फेकू नये म्हणतात. धुळवडीला शेळ्यांना उवा झाल्या. तंबाखूच्या पाण्यानं उवा मरतात, आमचा जुना इलाज. मी तुमचा अख्खा कट्टा उकळला आणि दोन्ही शेळ्या धुतल्या. एक ऊ राहिली न्हाई. एका शेळीचं नाव मी पुष्पी ठेवलंय. रागवू नका, तीच जास्त दूध देती.

तुम्ही मस्तगडात सांगत फिरता म्हणे, "असले येडे मरेपर्यंत बिडी सोडत न्हाईत." सुरेखानं बोलता बोलता सांगितलं. बरं. वैशाखाची वाट कोण बघतो? पाडव्याला गुढी उभी राहील तेव्हा माझा लेक बिडी टाकंल. डॉक्टरणीला मंग सांगू.

साखराबाई


वडीगोद्री
रामनवमी

विहीणबाई,

तुम्ही जिंकलात असं समजू नका.

पाडव्याला त्यानं बिडी टाकली. गुढीच्या पाया पडला आणि उरलेला कट्टा स्वतःच्या हातानं चुलीत घातला. तीन-चार दिवस चिडचिड केली, भांडं आपटलं, ते चालतंच.

पण आता तो उठतच न्हाई. दिवसभर झोप. उठवला तर भिंत धरून चालतो. तोंडातून लाळ गळती, उशी ओली. बोलतो ते तोंडात भाकर असल्यासारखं. काल पायरीवर पडला, गुडघा फुटला. टकळी हातातून सुटून गेली आणि त्यानं उचलली पण न्हाई, नुसता बघत बसला.

राजानंद येऊन म्हणाला, "मी सांगितलं होतं ना काकू. त्याचं डोकं धुरावर चालायचं. धूर तोडला, डोकं बंद पडलं. एक द्या ओढायला, बघा कसा उठतो."

मी टपरीवर गेल्ते. खडीसाखर आणायला.

त्याच्या गोळ्या मी नेमानं देते, एक चुकवली न्हाई. मंग हे काय झालं?

तुमच्या मनासारखं झालं म्हणून नारळ फोडू नका. उद्या पहिल्या गाडीनं त्याला अंबडला नेते. डॉक्टरणीचा दिवस नसला तरी नेते.


वडीगोद्री
अक्षय तृतीया

विहीणबाई,

आज घागरी पुजल्या, आमरस केला, रामप्रसादानं तीन वाट्या खाल्ला. बसा खाली आणि ऐका. वाचणाऱ्यानं पण बसावं.

डॉक्टरीण त्या दिवशी अंबडला नव्हती. तिथल्या नर्सबाईनं फोन लावून दिला. मी सगळं सांगितलं. पाडव्याचं पण सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "आजी, मी काय सांगितलं होतं? बिडी बंद करायच्या आधी मला कळवा. का घाई केली?"

मी काय सांगणार? सांगितलं की माझ्या विहिणीला दाखवायचं होतं.

ती म्हणाली, "सूड तुम्हाला घ्यायचाय, पण गोळी त्याच्या पोटात आहे."

माझ्या सासूनं पण मला कधी असं बोलून घेतलं न्हाई.

मंग तिनं जे सांगितलं ते तुम्ही नीट ऐका, कारण यात तुमचं पण नाव आहे. बिडीचा धूर गोळी खातो. म्हणजे धूर पोटात जाऊन खातो असं न्हाई, तर धुरानं अंग असं होतं की गोळी रक्तात टिकत न्हाई, लवकर जळून जाती. सगळ्या गोळ्यांचं असं न्हाई, पण याच्या गोळीचं आहे. म्हणून आजवर डॉक्टर लोक गोळी वाढवत गेले, वाढवत गेले, आणि धूर खात गेला. धूर बंद झाला आणि तीच मोठी गोळी पुरीच्या पुरी अंगात राहिली. म्हणून ती झोप, म्हणून ती लाळ. बिडी सोडून तो बिघडला न्हाई. बिडी सुटली म्हणून त्याला आता गोळी कमी लागती!

रक्त तपासलं. गोळी कमी केली, सावकाश, दोन टप्प्यांत. मला दम दिला की आपल्या मनानं एक कण कमी-जास्त करायचा न्हाई. मी कानाला हात लावला.

आता सांगा, तुमच्या पंगतीत तुम्ही माझ्या लेकाच्या ताटात काय वाढलं होतं? त्याची गोळी खाणारा धूर. राजानंदानं मजुरीत काय दिलं? तेच. भगर नको म्हणणाऱ्या तुमच्या जावयानं शहरातून काय आणलं? तेच. सगळ्यांनी प्रेमानं. येडा आहे, गप बसंल, देऊन टाका. तुम्ही तेरा वर्षं त्याला येडा म्हणालात आणि येडा ठेवायचं सामान पण तुम्हीच पुरवलं. हे मी मस्तगडात येऊन चौकात सांगणार आहे. भोंगा मिळाला तर भोंग्यावर.

पण आज सण आहे, चांगलं लिहिते. दहाएक दिवसांमागं सकाळी मी शेळीचं दूध काढत होते. मागून आवाज आला, "माय, तू म्हातारी झालीस." वळून बघितलं तर रामप्रसाद. डोळे कसे, विहिरीचं पाणी उपसून निवळल्यावर दिसतं तसे. मी म्हटलं, "आज दिसलं व्हय?" म्हणाला, "आज दिसलं."

म्हातारी म्हणून घेऊन एवढी खूश झालेली बाई तुम्ही बघितली नसंल.

एक गोष्ट मी लिहिणार नव्हते. तो म्हणाला लिही, न्हाईतर बाकीचं पण खोटं होतं. मागच्या आठवड्यात भावकीत लग्न होतं. डीजे लई वाजला, त्याच्या डोक्यात कालवाकालव झाली, कोणीतरी हातात बिडी दिली आणि त्यानं ओढली. एक. घरी येऊन दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "माय, वास घे." मी वास घेतला. हात धरून आत घेतलं. डॉक्टरणीला त्यानं स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "घसरलात तर घसरलात. वाट तीच आहे, पुन्हा चाला." त्यानंतर न्हाई.

आणि अजून एक, मला वाटलं म्हणून. त्या दिवाळीला गोधडीला भोक पडलं असं मी म्हणते. त्याच्या बिडीनं अर्धी जळाली होती. पोरीच्या उशापासून वीतभर लांब. वंदनानं हातानं विझवली, तिचा तळहात भाजला. ती गेली ते काही उगंच गेली न्हाई. हे मी तुमच्यासाठी लिहीत न्हाई, विहीणबाई. तुम्ही पुढं ऐका.

मी टपरीवर खडीसाखरेला गेले नव्हते. पदरात नोट बांधून बिडीलाच गेल्ते. राजानंद ड्रम भरायला हापशावर गेला होता, टपरीला कुलूप. बघा, कोणाचं पाप कोणाच्या कामाला आलं.

साखराबाई


वडीगोद्री
अधिक महिना लागून आठवडा झाला

विहीणबाई,

कल्याणरावांना आमंत्रण गेलं म्हणे. अनारशाचं पीठ भिजलं म्हणे.

आमच्याकडं कोणी आलं न्हाई. फोन न्हाई, निरोप न्हाई. रामप्रसादानं एकदा पण विचारलं न्हाई, पण नवा सदरा धुऊन दोरीवर घातला आणि वाळल्यावर घडी करून ठेवला.

बिनबोलावता येणारे आम्ही न्हाई. तुम्ही चार बायकांत बोललेलं तुम्हाला आठवत नसंल तर त्या चारी बायका अजून जित्या हाईत. पाचवी पण होती. दारामागं उभी राहून ती रडत होती, आणि तिचं नाव मी लिहीत न्हाई.

साखराबाई


वडीगोद्री
रविवार, दुपार

विहीणबाई,

तुमची वंदना काल जांबला दर्शनाला गेली होती ना? सकाळच्या गाडीनं, पोरीला घेऊन, अधिकात समर्थांच्या गावी जाऊन येते म्हणून?

जाता जाता वडीगोद्री लागली.

वंदना, इथं थांबू नको. आवाज हलवू नको. पुढं वाच.

मी अंगणात डाळ पाखडत होते. फाट्याकडून दोघी येताना दिसल्या, एक मोठी, एक लहान, हातात डबा. मला आधी वाटलं मतदार यादी का जनगणना करायला कोणीतरी आलं. मंग चाल ओळखली. डावा पाय जरा ओढून टाकती ती, लग्नात नवी चप्पल चावली तेव्हापासून. सूप हातातून पडलं. पुष्पीनं अर्धी डाळ खाल्ली, ती तुमच्या नावानं धरते.

पाया पडली. मी उठवलं.  मी म्हटलं, "उन्हात आलीस, पाणी घे." ती म्हणाली, "आधी घर बघू द्या मला." मला राग यायला पाहिजे होता, पण न्हाई आला. मी म्हटलं, "बघ. सगळं धुंडाळ."

तिनं धुंडाळलं, विहीणबाई. अंथरुणं उचलली, उशा नाकाला लावल्या, कोनाड्यात हात घालून बघितले, त्याच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले. खिशातून निघाली चघळायची गोळी आणि लोकरीचा गुंता. आगपेटी अख्ख्या घरात एकच, चुलीपाशी, ती पण मी नजरेखाली ठेवते. नव्या गोधडीवर तिनं सगळीकडून हात फिरवला. भोक शोधत होती. मंग खाली बसली आणि गोधडीची घडी घातली. मी डाळ वेचत राहिले.

तो कुठं होता? मागच्या लिंबाखाली, टकळी घेऊन. त्याला मी हाक मारली न्हाई. आकांक्षाच गेली. पाच वर्षांची गेली होती, आठ वर्षांची होऊन आली. लांब उभी राहिली, आईच्या ओढणीचं टोक नाकाशी धरून. लहानपणीची सवय तिची, बाप दिसला की नाक झाकायचं. रामप्रसादानं वर बघितलं. कातायचं थांबवलं न्हाई. म्हणाला, "अक्कू, हा धागा धर, तुटून राह्यला."

पोरीनं धागा धरला. त्यासाठी ओढणी सोडावी लागली. जवळ गेली, अजून जवळ गेली, आणि त्याच्या बाहीला नाक लावून कुत्र्याच्या पिल्लासारखं हुंगलं. मंग मोठ्यानं वरडली, "आई, बाबाला मेंढीचा वास येतो!"

तुमची लेक हसली. तीन वर्षांमागं माझ्या घरातून गेलेलं हसू, ते.

डब्यात धोंडे होते. स्वतः केलेले, चोरून, तुमच्याच पुरणाचे. कल्याणरावांसाठी तुम्ही पुरण वाटायला बसवलं ना तिला, त्यातलं. दोन धोंडे तिनं त्याच्या ताटात वाढले, वर तूप. तो म्हणाला, "कट्टा न्हाई का यंदा?" आम्ही दोघी दगड झालो. तर हा हसून राह्यला! चेष्टा केली त्यानं, विहीणबाई. माझ्या लेकानं तेरा वर्षांनी हसत हसत चेष्टा केली, आणि ती पण तुमच्यावर. मी ती मरेपर्यंत विसरणार न्हाई.

जेवल्यावर वंदनानं मला एकटीला विचारलं, "पत्रं आईला लिहिलीत का मला?" मी म्हटलं, "तुझ्या आईलाच. पण तुझ्या आईचे डोळे कोण आहे ते मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं." ती म्हणाली, "आई म्हणायची, त्या काळतोंडीचं वाच गं, आज काय ओकली बघू. एक पण चुकवू दिलं न्हाई तिनं." ऐकून मला बरं वाटलं. शिव्या द्यायच्या तर ऐकणारं माणूस आवडीचं पाहिजे.

विहीणबाई, तुम्हाला वाटलं मी तुम्हाला हिणवत होते. हिणवतच होते. पण प्रत्येक शिवी तुमच्या लेकीच्या तोंडून गेली, आणि प्रत्येक शिवीच्या पोटात तिच्या नवऱ्याची तब्येत होती. तुम्ही माझं माणूस नेलं, मी तुमच्याच घरात बसवून, तुमच्याच समोर, तुमच्याच कानावर घालून ते परत आणलं. आता तुम्हाला काय करायचं ते करा. अनारसे फेकून मारा.

राहायला येती का, असं मी विचारलं न्हाई. तिनंच सांगितलं. लगेच कायमचं न्हाई, आधी सुट्टीभर राहीन, बघीन. डॉक्टरणीला एकदा स्वतः भेटीन. पोरगी रात्री माझ्याजवळ झोपंल. मी म्हटलं, सगळं कबूल. तिनं अजून एक सांगितलं. "आईनं शब्द दिला तेव्हा मी दारामागं होते. आईला घेऊन येते. येणार न्हाई म्हणाली तर मी एकटी येते, पण मंग तिला मस्तगडात कोणी शब्दाची बाई म्हणणार न्हाई, हे तिला सांगते." आता हे वाचताना ती तेच सांगून राह्यली असंल. तिच्या तोंडाकडं बघा. मी शिकवलं न्हाई तिला, तुमचीच लेक आहे.

रिवाज जावयानं सासरी जायचा आहे, मला माहीत आहे. पण बोळात बसायला आम्ही येत न्हाई. घंगाळाला पाय नसतात, तुम्हाला हाईत.

त्यानं कातलेल्या लोकरीचं एक बसकर विणून आणलंय, काळं, कडेला पांढरी रेघ. पाटावर तेच टाकीन. माझं घंगाळ तुमच्यापेक्षा लहान आहे, पण चिंचेनं घासून ठेवलंय, तोंड दिसतं त्यात. तुमच्या बोटांचे सांधे गार पाण्यानं धरतात, वंदना म्हणाली. पाणी मी कोमट ठेवीन. पाय मात्र दोन्ही धुवायचे, टाचेपर्यंत, आणि पाणी डोळ्याला लावायचं. मोतीबिंदूवर काही फरक पडला तर कळवा.

अमावास्येच्या आधीचा शनिवार. सकाळच्या गाडीनं येते म्हणालीय.

साखराबाई